झोपेचे औषध आपल्या भाषेत

रुग्णाचा रक्तदाब आपण मोजतो, साखर तपासतो, भूक कशी आहे, पोट साफ होते का, याची चौकशी करतो. परंतु त्याच्या आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश भाग ज्या अवस्थेत जातो, तिच्याविषयी आपण क्वचितच एखादा प्रश्न विचारतो. तो विषय बहुधा रुग्णच काढतो, आणि तोही तपासणी आटोपून उठता उठता : ‘डॉक्टरसाहेब, झोप येत नाही हो, काहीतरी द्या.’ बाहेर बाकावर वीस माणसे खोळंबलेली असतात. चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ वाढते, आणि पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ती गोळी पुढे वर्षानुवर्षे चालू राहते.

निद्राविकारांवर गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले त्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, दीर्घकालीन निद्रानाशाचा पहिला उपचार म्हणजे रुग्णाशी केलेला पद्धतशीर संवाद. आता संवाद म्हटला की भाषेचा प्रश्न आलाच. होळकरांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आलेल्या इंदूरसारख्या शहरात दवाखान्याचा व्यवहार हिंदीत चालतो, चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते आणि आजी-आजोबा मात्र आपली रात्र मराठीतच जागून काढतात. म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे की, निद्रानाशाचा उपचार मराठीत उपलब्ध करून देणे हे आपल्या मंडळाचे काम आहे, आणि ते आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

संशोधनाची वाटचाल

चरकाचार्यांनी शरीराच्या तीन उपस्तंभांत आहाराबरोबर निद्रेची गणना केली, हे आपण सारे जाणतो. आधुनिक वैद्यकाने मात्र या स्तंभाकडे फार उशिरा लक्ष दिले. झोप म्हणजे मेंदूची केवळ विश्रांती, ही समजूत १९५३ साली ढळली. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसरिन्स्की व नॅथानिएल क्लाइटमन यांनी झोपेत ठराविक काळाने येणाऱ्या, डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी झोपेतल्या श्वासरोधावर नाकावाटे सतत हवेचा दाब देणारे, आज सी-पॅप या नावाने ओळखले जाणारे यंत्र वापरून दाखविले. १९९८ मध्ये जागृती टिकवून धरणारे ओरेक्सिन हे मेंदूतील रसायन सापडले; २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक शरीरातील जैविक घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना मिळाले.

या साऱ्या शोधांइतकेच महत्त्वाचे, पण कमी चर्चिले गेलेले काम उपचारांच्या तुलनेचे आहे. १९९९ साली कॅनडातील चार्ल्स मोरिन व सहकाऱ्यांनी ७८ वयस्क निद्रानाशग्रस्तांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींना टेमाझेपॅमची गोळी, काहींना वर्तनोपचार, काहींना दोन्ही आणि काहींना निष्प्रभ गोळी देण्यात आली होती. प्रारंभी तिन्ही उपचारांनी गुण आला. परंतु दोन वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात सुधारणा टिकली ती वर्तनोपचार घेतलेल्यांची. अशा अनेक अभ्यासांच्या आधारे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर संज्ञानात्मक वर्तनोपचार हाच प्रथम उपचार असावा, अशी शिफारस केली. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांनी २०१७ मध्ये तेच सांगितले आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीत त्याचा पुनरुच्चार केला.

गोळीचा जमाखर्च

मी गोळीचा शत्रू नाही. घरात अकस्मात मृत्यू झाला असता, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री किंवा तीव्र मानसिक आघातात थोड्या दिवसांकरिता दिलेली गोळी ही दयाच आहे. माझा आक्षेप आहे तो मुदत नसलेल्या गोळीला. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे २०१३ च्या अधिसूचनेने ‘एच-वन’ परिशिष्टात घातली गेली. औषधविक्रेत्याने त्यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी, असा नियम झाला. नियमाने दुकानाची वही भरली. पण जुनी चिठ्ठी दाखवून पाकीट नेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी झोल्पिडेमची सुरुवातीची मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणली, कारण सकाळीही औषधाचा अंमल पुरता उतरलेला नसतो असे आढळले. २०१९ मध्ये याच गटातील औषधांवर, झोपेतच चालणे किंवा वाहन चालविणे यांसारख्या घटनांबद्दल सर्वांत कडक इशारा छापणे सक्तीचे झाले. २०२० मध्ये बेंझोडायझेपिनच्या वेष्टनावरील इशाऱ्यात अवलंबित्व व व्यसनाचा स्पष्ट उल्लेख आला. वृद्धांमध्ये तर या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, असे वार्धक्यवैद्यकाचे तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत. मध्यरात्री लघवीला उठलेली आजी गुंगीत मोरीच्या उंबऱ्याला अडखळते, मांडीचे हाड मोडते, आणि तोवर स्वतंत्र वावरणारी ती स्त्री कायमची परावलंबी होते. मोडलेल्या हाडाच्या कागदपत्रांत त्या गोळीचे नाव क्वचितच येते.

‘झोप येत नाही’ याचे अर्थ किती?

या एका तक्रारीआड किमान चार निराळी दुखणी दडलेली असतात, आणि ती ओळखण्यासाठी लागणारे शब्द आपल्या भाषेत आयतेच आहेत. ‘अंग टाकले तरी डोळ्याला डोळा लागत नाही’ म्हणणारा, ‘झोप लागते पण मोडते’ म्हणणारा आणि ‘दिवसभर पेंग येते’ म्हणणारा, हे तीन वेगळे रुग्ण आहेत. पेंग आणि थकवा यांतला भेद तर निद्रावैद्यकाचा पाया आहे. निव्वळ निद्रानाशाचा रुग्ण थकलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी त्याला झोप येत नाही. श्वासरोधाचा रुग्ण वर्तमानपत्र हातात घेऊन बसल्या बसल्या डुलक्या घेतो. हिंदीतही असे शब्द आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या दुखण्याचे बारकावे ज्या भाषेत अनुभवतो, त्याच भाषेत ते नेमके सांगू शकतो. दुसऱ्या भाषेत तो सारे ‘नींद नहीं आती’ या तीन शब्दांत गुंडाळून मोकळा होतो.

घोरणाऱ्याला आपण कुंभकर्ण म्हणून हसतो, आणि घोरणे म्हणजे ढाराढूर झोप असे मानतो. वस्तुतः घोरता घोरता श्वास थांबणे, मग घुसमटून दचकून जाग येणे, सकाळी डोके जड असणे ही श्वासरोधाची लक्षणे आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील ३० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा विकार कमीअधिक प्रमाणात आहे. टोरोंटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये मांडलेली आठ प्रश्नांची ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली दोन मिनिटांत विचारून होते. त्यातला श्वास थांबण्याचा प्रश्न मात्र रुग्णापेक्षा त्याच्या पत्नीला विचारावा. अशा माणसाला ‘झोप मोडते’ म्हणून गुंगीची गोळी देणे म्हणजे आधीच अडणाऱ्या श्वासाचा रखवालदारही झोपवणे होय.

दुसरे दुखणे पायांचे. ‘रात्री पाय शिवशिवतात, पोटऱ्या ओढतात, कुणीतरी चेपून द्यावेसे वाटते, चालले की बरे वाटते’ असे सांगणाऱ्या स्त्रियांना आपण कॅल्शियम देतो किंवा वयाचे कारण देतो. ही अस्वस्थ पायांची व्याधी असू शकते, आणि तिचा लोहाशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रौढ रुग्णाचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करावा. प्रयोगशाळेच्या अहवालात ३० हा आकडा ‘सामान्य’ म्हणून येतो, आणि आपण तेथेच थांबतो. आपल्याकडे स्त्रियांमधील लोहाची कमतरता किती व्यापक आहे हे लक्षात घेता, या एका तपासणीने कित्येक घरांतील रात्री सुधारतील.

तिसरे दुखणे हे मुळात दुखणेच नव्हे. रात्री नऊला दिवा मालवून पहाटे चारला जागे होणारे आजोबा ‘चारनंतर डोळाच लागत नाही’ अशी तक्रार करतात. नऊ ते चार हे सात तास झाले. वयपरत्वे जैविक घड्याळ पुढे सरकले आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना गोळी नको, बेरीज करून दाखविणारा डॉक्टर हवा.

हे सारे वगळून जो उरतो तो खरा निद्रानाश. आणि संवादोपचार आहे तो त्याच्यासाठी.

चार नियम आणि आपले घर

हा उपचार गूढ नाही. पिट्सबर्ग येथे डॅनियल बायसी व सहकाऱ्यांनी त्याचे एक संक्षिप्त रूप ७९ वृद्धांवर वापरून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन भेटी आणि दोन दूरध्वनी, एवढाच त्याचा पसारा. आणि उपचार देणारी होती एक परिचारिका. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यातील ६७ टक्के लोकांना गुण आला. ज्यांना केवळ छापील माहिती दिली त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होते. त्याचे नियम चार : अंथरुणातला वेळ कमी करा, झोप कशीही झाली तरी रोज ठराविक वेळी उठा, झोप आल्याखेरीज अंथरुणावर जाऊ नका, झोप लागत नसेल तर अंथरुणात पडून राहू नका.

पहिला नियम रुग्णाला उफराटा वाटतो. नऊ तास पडून साडेपाच तास झोपणाऱ्याला आपण सांगतो की, रात्री साडेअकराला आडवे व्हा आणि साडेपाचला उठा. काही दिवस त्रास होतो. मग झोप सलग व गाढ होऊ लागते, आणि वेळ हळूहळू वाढवता येतो. अपस्मार किंवा उन्मादाचा इतिहास असणारे, उपचार न झालेला श्वासरोध असणारे, वाहन चालविणारे आणि वारंवार तोल जाणारे वृद्ध यांच्या बाबतीत मात्र हा नियम जपून वापरावा लागतो.

पाश्चात्त्य पुस्तकांत ‘शयनगृह फक्त झोपेसाठी वापरा’ असा सल्ला असतो. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात तेथे तो हास्यास्पद ठरतो. पण आपल्या जुन्या घरांत सकाळी अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवण्याची रीत होती. झोपेची जागा दिवसा अदृश्य होत असे. आता बैठकीच्या खोलीतील दिवाणावरच आजोबा दिवसभर बसतात, दूरचित्रवाणी पाहतात, चहा घेतात आणि रात्री तेथेच झोपेची वाट पाहतात. ‘आजोबा, दिवसा खुर्ची, रात्री दिवाण’ असे सांगितले की नियम समजतो. जेवणानंतर घटकाभर डाव्या कुशीवर पडणे म्हणजे वामकुक्षी. तिची दोन तासांची गाढ झोप झाली की रात्रीच्या झोपेचा वाटा दुपारीच संपतो. संध्याकाळी सहाच्या चहातले कॅफीन रात्री अकरालाही बऱ्याच अंशी रक्तात असते. आणि आपल्या शहरातील तरुणांना हेही सांगावे लागेल की, सराफ्यातले मध्यरात्रीचे खाणे हे इंदूरचे भूषण असले तरी, रोज रात्री भुट्ट्याचा कीस आणि गरडू खाऊन लगेच आडवे होणाऱ्याच्या छातीतली जळजळ त्याला झोपू देणार नाही. अशी उदाहरणे भाषांतराने येत नाहीत. ती त्या घरात वावरलेल्या माणसालाच सुचतात.

काही आक्षेप

‘आपल्याला एवढा वेळ कुठे आहे?’ हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. परंतु वर सांगितलेला उपचार परिचारिकेने दिला होता, हे ध्यानात घ्यावे. आपल्या दवाखान्यातील अनुभवी सिस्टर, निवृत्त शिक्षिका, समाजकार्याच्या विद्यार्थिनी यांना प्रशिक्षण देता येईल. डॉक्टरने निदान करावे आणि धोक्याचे रुग्ण बाजूला काढावेत.

‘रुग्णच गोळी मागतो, आपण न दिली तर शेजारच्याकडे जाईल,’ हा दुसरा आक्षेप. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात कारा टॅनेनबॉम व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस औषध दुकानांचे, ६५ वर्षांवरील ३०३ नियमित बेंझोडायझेपिन घेणारे ग्राहक त्यात होते. निम्म्या दुकानांच्या ग्राहकांना एक सोपी पुस्तिका दिली : या गोळीचे धोके काय, आणि डॉक्टर वा औषधविक्रेत्याशी बोलून ती टप्प्याटप्प्याने कशी कमी करावी. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण बंद केली होती. न मिळालेल्यांपैकी केवळ ५ टक्क्यांनी. म्हणजे रुग्ण गोळीला चिकटून बसतो ही आपली समजूत अर्धसत्य आहे. त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलेलेच नसते.

‘नवी औषधे येत आहेत, मग हा खटाटोप कशाला?’ हा तिसरा आक्षेप. ओरेक्सिनला अडविणारे सुवोरेक्संट अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाले. त्या वर्गात पुढे आणखी भर पडली. वजन घटविणाऱ्या टिर्झेपटाइडला तेथे डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ प्रौढांच्या मध्यम व तीव्र श्वासरोधासाठी मान्यता मिळाली. वर्षभराच्या चाचणीत ताशी श्वासरोधांची संख्या सरासरी २५ ते २९ ने घटली, तर निष्प्रभ औषधाने पाचाच्या आसपास. मला या प्रगतीचा आनंद आहे. परंतु औषध कितीही नवे असले तरी, ते कोणाला द्यावे हे आधी विचारलेल्या प्रश्नांवरच ठरते. यंत्राचेही तेच. हृदयविकार असलेल्या २,७१७ श्वासरोधग्रस्तांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सी-पॅपने पुढचे हृदयाघात कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मन हलके झाले. पण रुग्ण ते यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते. यंत्र विकत घेता येते. ते रात्रभर लावण्याची तयारी मात्र समजावूनच निर्माण करावी लागते.

मंडळाने काय करावे?

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, मंडळाने एक मराठी पुस्तिका तयार करावी. तिच्यात वरील चार नियम, दोन आठवड्यांची झोपेची रोजनिशी, घोरण्याविषयी व पायांविषयी प्रश्न, आणि गोळी कमी करण्याची रीत असावी. अक्षर मोठे असावे, वाक्ये लहान असावीत. ‘गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये, त्याने झटके येऊ शकतात’ ही सूचना ठळक चौकटीत असावी. मात्रा किती वेगाने उतरवावी याबद्दल २०२५ मध्ये अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संस्थांनी मिळून मार्गदर्शन केले आहे : दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट, आणि दोन आठवड्यांत कधीही २५ टक्क्यांहून अधिक नाही. दुसरी सूचना, परिसरातील मराठी जाणणाऱ्या औषधविक्रेत्यांना या कामात बरोबरीचे भागीदार करून घ्यावे. तिसरी, महिन्यातून एक सायंकाळ निद्रासल्ल्यासाठी राखावी आणि तेथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी रुग्णांशी सविस्तर बोलावे. कारण नुसती पुस्तिका गोळी सोडवायला मदत करील, झोप आणायला मात्र माणूसच लागतो.

आपण दरवर्षी रक्तदाब व मधुमेहाची शिबिरे भरवितो, गणेशोत्सवात व्याख्याने ठेवतो, आणि नव्या पिढीच्या तोंडी मराठी राहिली नाही अशी खंतही व्यक्त करतो. भाषा टिकते ती तिचे काम पडते तेव्हा. घरातील नातवाने आजीची झोपेची रोजनिशी तिच्या शेजारी बसून भरावी, ‘काल किती वाजता डोळा लागला?’ असे तिला तिच्या भाषेत विचारावे, यात औषधही आहे आणि भाषेची सेवाही. मंडळाच्या पुढील सर्वसाधारण सभेत हा प्रस्ताव मी रीतसर मांडणार आहे. सभासद डॉक्टरबंधू-भगिनींनी तोवर एवढेच करावे : उद्याच्या पहिल्या वृद्ध रुग्णाला उठण्यापूर्वी पुन्हा बसवावे, आणि त्याची रात्र कशी जाते ते मराठीत विचारावे.